वाढलेलं तेल

माझ्या नवऱ्याला गाडी पुसायचा नाद लागला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. चौदा वर्षांच्या संसारात ज्या माणसाने स्वतःचा चहाचा कप कधी विसळला नाही, तो दर रविवारी सकाळी बादली, स्पंज आणि जुना टीशर्ट घेऊन खाली कार पार्कमध्ये जायचा आणि तासाभराने घामेजून वर यायचा. मला कौतुक वाटलं. मी ते शेजारणीला सांगितलं, पुण्याला आईला फोनवर सांगितलं. आई म्हणाली, बघ, माणूस बदलतो. त्यावर मी हसून हो म्हटलं होतं, आणि त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

गाडी नवऱ्याच्या सरांची. सर म्हणजे शाळा-कॉलेजातले नव्हेत, ऑफिसातले. त्यांनीच नवऱ्याला पुण्याहून सिंगापूरला आणलं, पहिली नोकरी दिली, पहिले तीन आठवडे तो त्यांच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपला. सर आता रिटायर होऊन कायमचे पुण्याला निघाले होते आणि गाडी कुणाला तरी द्यायची होती. इथे गाडीला दहा वर्षांचं आयुष्य देतात. ते सरलं की गाडी मोडीत काढायची, नाहीतर परवाना वाढवून घ्यायचा. सरांनी तो वाढवून घेतला होता आणि त्यातली तीन वर्षं अजून उरली होती. नवरा म्हणाला, सरांची गाडी आपण घेऊ.

मी म्हटलं, घेऊ, पण आधी कुणाकडून तरी तपासून घेऊ. इथे त्याची दुकानं आहेत, अर्ध्या तासाचं काम असतं.

त्याचा चेहरा मी सरांच्या घरी चोरी करायला सांगितल्यासारखा झाला. "सरांच्या गाडीचं इन्स्पेक्शन? काय वाटेल त्यांना?"

मी विषय सोडला. हीच गाडी अनोळखी चिनी माणसाकडून घेतली असती, तर आम्ही टायरमधली हवासुद्धा मोजून घेतली असती. पण विकणारा आपला माणूस निघाला की आम्हा लोकांना काहीही तपासायची लाज वाटते. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढण्याचा पगार घेते. पण सरांच्या बाबतीत मीसुद्धा लाजले.

सेंगकांगला आमच्या ब्लॉकच्या कार पार्कमध्ये गाडी देण्याचा सोहळा झाला. सरांच्या बायकोने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, पेढे वाटले. नारळाचं पाणी शेजारच्या गाडीच्या जागेत वाहत गेलं आणि तिचा मालक लिफ्टपाशी उभा राहून आमच्याकडे बघत राहिला. सर म्हणाले, "गाडी नाही, मुलगी देतोय. सांभाळा." मग त्यांनी माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकला, त्याला खांबापलीकडे नेलं आणि पाच-सात मिनिटं हळू आवाजात काहीतरी बोलले. नवरा मान डोलावत होता. मला वाटलं, गुरुशिष्यांचा निरोप चाललाय. मी तोंड फिरवून उभी राहिले, त्यांना संकोच वाटू नये म्हणून.

पुढचे आठ महिने गाडी नवऱ्यानेच चालवली, कारण मला चालवता येत नव्हती. मी एक्केचाळिसाव्या वर्षी शिकायला लागले. पहिल्या टेस्टला पार्किंगमध्ये कठड्याला चाक लागलं. दुसऱ्या टेस्टला लेन बदलताना मागे वळून बघायला विसरले. प्रत्येक वेळी घरी आले की नवरा म्हणायचा, "काय घाई आहे? मी आहे ना सोडायला." तो सोडायला कधीच नसायचा. त्याचं ऑफिस तांजोंग पगारला, माझं पार पूर्वेला विमानतळाच्या बाजूला. मी दोन बस आणि मध्ये एक ट्रेन असं करत सव्वा तासाने पोचायचे. तिसऱ्या टेस्टला पास झाले. नवरा म्हणाला, "चला, सुटलीस एकदाची," आणि किल्ली मात्र स्वतःच्याच खिशात ठेवली.

ती मला मिळाली तो मेलबर्नला गेला तेव्हा. पाच आठवड्यांचं प्रोजेक्ट होतं. पाचही आठवडे मी रोज गाडीने ऑफिसला गेले. पंचवीस मिनिटांत. पहिल्या दोन दिवसांत मानेला रग लागली, तिसऱ्या दिवशी मी रेडिओ लावला, दुसऱ्या आठवड्यात मी सिग्नलला उभी असताना गुणगुणत होते. शनिवारी मुलीला पोहायला मरीन परेडला घेऊन जायचे. ती मागच्या सीटवरून म्हणायची, "आई, यू आर क्वाइट ओके लाह." अकरा वर्षांच्या मुलीकडून याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नाही. मला इतकं मोकळं सिंगापूरमध्ये आल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

पाचव्या शनिवारी मरीन परेडच्या सिग्नलला ब्रेक दाबला आणि समोर लाल दिवा लागला. तेलाच्या झारीसारखं चित्र. मी गाडी बाजूला घेतली आणि मेलबर्नला फोन लावला.

त्याचं पहिलं वाक्य होतं, "तू काय केलंस?"

काय झालं असं नाही विचारलं त्याने. मी काय केलं, ते विचारलं.

त्याने सांगितल्याप्रमाणे मी पेट्रोल पंपावरून तेलाची बाटली आणून ओतली, कशीबशी घरी आले आणि गाडीला हात लावला नाही. दोन दिवसांनी तो परतला. बॅग दारात ठेवून एकटाच खाली गेला, हात पुसत वर आला आणि सोफ्यावर बसून म्हणाला, "अजून लिटरभर तेल कमी आहे. आठ महिने मी चालवली. एकदाही दिवा लागला नाही. तू पाच आठवडे चालवलीस आणि इंजिनाची वाट लावलीस. तू अ‍ॅक्सिलरेटर दाबतेस, भरकन सोडतेस, परत दाबतेस. नवशिके तसंच करतात."

मी ते मान्य केलं. याचं खापर मला दुसऱ्या कुणावर फोडता येत नाही. आमच्या धंद्यात पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की एखादी गोष्ट कालपर्यंत नीट चालत होती आणि आज बिघडली, तर मधे काय बदललं ते शोधा. मधे एकच गोष्ट बदलली होती. चालवणारी. माझ्या कामातलाच नियम माझ्या गळ्यात पडला आणि मी मान खाली घालून तो घेतला.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बस. सव्वा तास जायला, सव्वा तास यायला. गाडी नवरा चालवायचा आणि त्याच्या हातात दिवा एकदाही लागला नाही. रविवारी तो बादली घेऊन खाली जायचाच. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीच्या जेवणात त्याने सगळ्यांसमोर गोष्ट सांगितली, "आमच्या हिने पाच आठवड्यांत इंजिन पिऊन टाकलं." मंडळी हसली. एका भावजींनी मला विचारलं, वहिनी, अजून तहान आहे का? मीही हसले. मुलगी मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "माय मम स्पॉइल द कार." तिला मी काही बोलले नाही. ती जे ऐकत होती तेच बोलत होती.

आता सांगायला सोपं वाटतं, पण तेव्हा माझा स्वतःवरचा विश्वास खरंच उडाला होता. बसमध्ये बसून मी ड्रायव्हरच्या पायाकडे बघायचे. तो कसा दाबतो, कसा सोडतो. मला वाटायचं, माझ्या पायातच काहीतरी खोट आहे.

असे चार महिने गेले. मग एका शनिवारी सकाळी आम्ही बाजाराला निघालो. मी पिशव्या डिकीत टाकत होते, तो आत बसून गाडी सुरू करत होता. सायलेन्सरमधून निळसर धुराचा लोट आला, सरळ माझ्या तोंडावर. तेल करपल्यावर कढईतून येतो तसा वास. दोन मिनिटांत धूर विरला.

बाजारातून येईपर्यंत मी फोनवर वाचत होते. पांढरा धूर पाण्याचा, काळा जास्तीच्या पेट्रोलचा, निळा तेलाचा. तेल एकतर गळतं नाहीतर जळतं. गळतं का ते बघायला मी नव्या फ्रिजचा पुठ्ठा इंजिनाखाली सरकवून ठेवला. तीन दिवसांनी काढला तेव्हा त्यावर धुळीशिवाय काही नव्हतं. म्हणजे जळत होतं. आणि मी चार महिने गाडीला शिवलेसुद्धा नव्हते, तरी जळत होतं.

मी नवऱ्याला म्हटलं, "मी बिघडवलं असेल तर बिघडलेलं इंजिन तुझ्या हातातही तेल खाणार. मग तुला दिवा का लागत नाही?"

"मी हळू चालवतो."

"हळू चालवलं म्हणून धूर येत नाही असं नाही. आज आला."

"अगं, जुनी गाडी आहे. किती कीस पाडशील?"

"मोजून घेऊ या."

"वेळ आहे का आपल्याला?"

या प्रश्नाने माझ्या डोक्यात तिडीक गेली. रोजचे अडीच तास बसमध्ये मी घालवत होते आणि वेळ त्याला नव्हता. मी त्याला न विचारता गॅरेज शोधलं आणि शनिवारची वेळ घेतली.

गॅरेज एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये होतं, एकावर एक रचलेल्या गाळ्यांतलं. मेकॅनिक साठीचा चिनी अंकल, चष्मा कपाळावर, कोपऱ्यात टेबलफॅन आणि चिनी गाणी लावलेला रेडिओ. मी प्रश्न विचारायचे आणि तो उत्तर नवऱ्याकडे बघून द्यायचा. मी विचारलं, इंजिन उघडून बघणार का? तो नवऱ्याला म्हणाला, आधीच उघडायचं नाही, आधी किती खातं ते बघायचं. मी विचारलं, कसं? तो नवऱ्याला म्हणाला, तेल खुणेपर्यंत भरतो, सील करतो, हजार किलोमीटर चालवा, परत आणा. काहींना वाटतं तेल खातं, पण खात नसतं. काहींना वाटतं खात नाही आणि इंजिन कोरडं पडतं.

मी म्हटलं, "हजार नको. पाचशे मी चालवणार. मग तुम्ही मोजा, परत खुणेपर्यंत भरा, परत सील करा. पुढचे पाचशे हा चालवणार."

अंकलने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "यू टू फायटिंग, अह?"

"हो," मी म्हटलं.

नवरा म्हणाला, "काय पोरखेळ आहे," पण नाही म्हणू शकला नाही. काही माणसं समोरचं संकट तेवढं टाळतात, नंतरचं नंतर बघू म्हणतात. चौदा वर्षांत हा स्वभाव मला नीट कळला होता. पण त्याला इथे टाळण्यासारखं काय होतं, ते मला माहीत नव्हतं.

अंकलने तेल बदललं, डिपस्टिक म्हणजे तेल मोजायची लांब पट्टी बुडवून वरच्या खुणेपर्यंत बरोबर भरलं. मग पांढऱ्या रंगाने तेलाच्या झाकणावरून इंजिनावर एक जाड रेघ ओढली आणि डिपस्टिकच्या मुठीवर तशीच दुसरी. झाकण फिरवलं किंवा पट्टी ओढली की रेघ तुटणार. "नोबडी ओपन," तो म्हणाला. मी दोन्ही रेघांचे फोटो काढले.

चार महिन्यांनी मी पुन्हा गाडीत बसले. ऑफिसचा तोच रस्ता, पण मी भाजी चिरल्यासारखी जपून चालवत होते. मागच्या लॉरीवाल्याने हॉर्न वाजवला. तेरा दिवसांत पाचशे किलोमीटर झाले. त्या तेरा दिवसांत मी एकदाही रेडिओ लावला नाही.

शनिवारी अंकलने रेघा तपासल्या, पट्टी ओढली, पुसली, पुन्हा बुडवली. मग खुणेपर्यंत भरायला किती लागलं ते मापाने मोजलं. अर्धा लिटर. पाचशे किलोमीटरला अर्धा लिटर म्हणजे भरपूर खातेय, तो म्हणाला, आणि मास्किंग टेपच्या तुकड्यावर आकडा लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला.

नवरा म्हणाला, "बघ."

एवढाच शब्द. पण त्याच्या आवाजात समाधान होतं, ते मी विसरणार नाही. मी इतकी जपून चालवली होती आणि तरी अर्धा लिटर. मला वाटलं, ठरलं आता, खोट माझ्या पायातच आहे.

पुन्हा भरलं, पुन्हा रेघा ओढल्या, मी पुन्हा फोटो काढले आणि किल्ली त्याला दिली. त्याने पाचशे किलोमीटर दोन आठवड्यांत संपवले. मधल्या बुधवारी मुलगी तिच्या टेबलावरचं व्हाइटनर शोधत होती. "हू टेक माय व्हाइटनर?" मी म्हटलं, शाळेत विसरली असशील. रविवारी तो बादली घेऊन खाली गेला. मी म्हटलं, टेस्ट चालू आहे, बॉनेट उघडू नकोस. तो म्हणाला, काच पुसतोय फक्त.

शनिवार आला. आम्ही दोघं गॅरेजमध्ये उभे राहिलो. अंकलने डिपस्टिकवरची रेघ तोडली, पट्टी बाहेर ओढली, चिंधीने पुसली, पुन्हा घातली, काढली. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. परत पुसली, थांबला, परत बुडवली. मग पट्टी उजेडात आडवी धरली आणि तो हसायला लागला.

"दिस इंजिन मेक ऑइल, अह?"

तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं. पाचशे किलोमीटर चालून गाडीतलं तेल वाढलं होतं.

मला क्षणभर कळलंच नाही. मी म्हटलं, मागच्या वेळी तुम्ही जास्त भरलं असेल. अंकलने टेपवरचा स्वतःचा आकडा दाखवला आणि मान हलवली. मग तो झाकणावर वाकला. रेघ होती, अगदी जागच्या जागी. त्याने नखाने खरवडली. त्याचा रंग जाड आणि चिवट होता, हा मात्र खडूसारखा पापुद्रा होऊन निघाला, आणि खाली मूळची रेघ दोन ठिकाणी तुटलेली दिसली. अंकलने पापुद्रा बोटावर घेऊन मला दाखवला. ते व्हाइटनर होतं.

नवरा फॅनकडे बघत होता.

"तू टाकलंस तेल?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती?"

"दोन-तीनदा. पट्टीवर रंग होता ना, मोजता येईना. अंदाजाने टाकलं."

आयुष्यात कधी फोडणीत तेल किती घालतात ते न बघितलेला माणूस, त्याचा अंदाज काय असणार? मला हसू आलं.

"का टाकलंस?"

तो मराठीत पुटपुटला, जणू अंकलला कळेल अशी भीती होती. "माझ्या वेळी कमी झालं असतं तर तू म्हणाली असतीस की गाडीचाच दोष आहे. मग सरांना फोन केला असतास."

"केला असता. मग?"

तो फॅनची जाळी बोटाने पुसायला लागला.

"सरांना माहीत होतं?"

"सरांनीच सांगितलं होतं."

"कधी?"

"गाडी घेतली त्या दिवशी. म्हणाले, थोडं तेल खाते, दर आठवड्याला बघत जा, अर्धा लिटर टाकत जा."

खांबापलीकडचं ते बोलणं. मी संकोचाने तोंड फिरवून उभी होते ते. आणि नंतरचे सगळे रविवार. बादली, स्पंज, जुना टीशर्ट. तो गाडी पुसत नव्हता, तेल ओतत होता. मेलबर्नला गेला तेव्हा पाच आठवडे कुणी ओतलं नाही, आणि दिवा लागला. मधे चालवणारी बदलली होती, तसा ओतणाराही नाहीसा झाला होता. मला ही दुसरी गोष्ट माहीत नव्हती, आणि ती ज्याला माहीत होती त्याने सोफ्यावर बसून मला नवशिकी ठरवलं होतं.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू नको म्हणाली असतीस. सरांना मी हो म्हणून बसलो होतो."

"आणि मेलबर्नहून आल्यावर?"

"ते पटकन तोंडातून निघून गेलं. मग परत कसं घ्यायचं?"

"चार महिने?"

"अगं, तू फार मनाला लावून घेशील असं वाटलं नव्हतं."

मला त्या क्षणी त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. हे मी सभ्य शब्दांत लिहायचा दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा खोडलं. मारावीशी वाटली. दिवाळीच्या जेवणात त्याने सांगितलेली ती गोष्ट आठवली. लोक हसले तेव्हा तोही हसत होता, आणि त्या दिवशीही डिकीच्या तळाखाली, स्टेपनीच्या खळग्यात, पेढ्यांच्या जुन्या डब्यामागे तेलाची बाटली होती. हे मला नंतर डिकीचा तळ उचलल्यावर दिसलं. डबा सरांच्याच पेढ्यांचा होता.

अंकलला भाषा कळत नव्हती, पण प्रकार कळला होता. त्याने रेडिओ बंद केला आणि कुणी न सांगता इंजिनाचे चारही स्पार्क प्लग काढले. तीन कोरडे होते, तिसऱ्या नंबरचा तेलाने काळा आणि ओला. मग प्रत्येक भोकात गेज लावून दाब मोजला. तिसऱ्यात दाब कमी आला. त्याच भोकात त्याने चमचाभर तेल सोडलं आणि पुन्हा मोजला. दाब वर चढला. तेलाने फट बुजली म्हणून चढला, त्याने मला समजावलं. या वेळी तो नवऱ्याकडे बघत नव्हता. पिस्टनभोवतीच्या, तेल वर चढू न देणाऱ्या रिंगा काजळीने चिकटून बसल्या होत्या. गाडी वर्षानुवर्षं जवळच्या जवळ आणि फार हळू चालवली की असं होतं. ऑफिस, घर, देऊळ, परत घर. इंजिन कधी नीट तापतच नाही.

"किती दिवसांचं आहे हे?" मी विचारलं.

"लाँग, लाँग टाइम. मे बी थ्री, फोर इयर." मग त्याने डिपस्टिक पुसून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "नॉट यू."

मी तिथेच रडले. ग्रीसने काळ्या झालेल्या स्टुलावर बसून, त्या माणसासमोर, ज्याने पहिल्या दिवशी माझ्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला दिलं नव्हतं. माझ्या घरातल्या माणसाने चार महिन्यांत जे दोन शब्द म्हटले नाहीत, ते याने चिंधीला हात पुसता पुसता म्हटले.

जास्तीचं तेल काढून घेतलं, काजळी विरघळवायचं औषध टाकलं. अंकल म्हणाला, आता रोज थोडी जोरात चालवा, रिंगा सुटल्या तर सुटतील, नाहीतर इंजिन उघडावं लागेल. मी किल्लीसाठी हात पुढे केला. नवऱ्याने दिली. एक्सप्रेसवेला लागल्यावर मी पाय दाबला, अंकलने सांगितला होता तसा, कायद्यात बसेल तेवढा. नवऱ्याने खिडकीवरची कडी धरली. "जरा हळू," तो म्हणाला. मी रेडिओ लावला.

घरी आल्यावर मी त्याला मुलीसमोर बसवलं आणि म्हटलं, सांग तिला. त्याने इंग्रजीतून सुरुवात केली, इंजिन जुनं होतं, कुणाचीच चूक नव्हती. मी म्हटलं, नीट सांग. मग त्याने नीट सांगितलं. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सो यू ऑल्सो टेक माय व्हाइटनर?" त्याने खिशातून काढून दिलं. मंडळातल्या लोकांना सांगायचं मात्र अजून राहिलंय. तो म्हणतो, आता कशाला जुनं उकरायचं. सरांना त्याने अजूनही फोन केलेला नाही. मी केला होता. सर म्हणाले, "अहो, मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं," आणि त्यांचं खरं होतं.

रिंगा काही अंशी सुटल्या. आता गाडी पूर्वीच्या निम्मं तेल खाते. मी रोज ऑफिसला तिनेच जाते, पंचवीस मिनिटांत. नवरा अजून दर रविवारी खाली जातो, आता उघड, हातात बाटली आणि चिंधी घेऊन. वर आला की दारातूनच सांगतो, दोन खुणांच्या मध्ये आहे, ठीक आहे. तो खोटं सांगत नाही आता. मला ते पक्कं माहीत आहे, कारण प्रत्येक वेळी त्याच्यानंतर मी खाली जाते आणि पट्टी ओढून बघते.

सुरुवातीला तेवढंच होतं. मग तो दूध संपलंय म्हणाला की मी फ्रिज उघडायला लागले. दार लावलं म्हणाला की कडी हलवायला लागले. भांडण आम्ही कधीच संपवलं. त्याने माफीही मागितली, मीही असू दे म्हटलं.

परवा तो बाल्कनीतून आत येत म्हणाला, पाऊस थांबलाय. मी उठले आणि खिडकीशी जाऊन बघितलं.